कुंभाराच्या घरी
शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

शास्त्रभाग : यिर्मया १८:१-१०, १९:१-१५

परमेश्वराने यिर्मयाला हा धडा बसल्या जागी दिला नाही. आधी त्याला कुंभाराच्या घरी पाठवले. मग आपणच मुलांना वर्गाच्या चार भिंतींत का कोंडावे? बेळगाव जिल्ह्यातील खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. पण जवळच्या कोणत्याही कुंभारवाड्यात हा पाठ शिकवता येईल. आईबापांनाही बरोबर घ्यावे. कुंभाराला आधी विचारावे व खर्ची पडलेल्या मातीचे मोल द्यावे.

मुलांना सावकाश पाहू द्यावे. माती चाळतात, खडे वेचतात, तुडवतात. मगच गोळा चाकावर चढतो. यिर्मयाने चाकासाठी वापरलेल्या इब्री शब्दाचा अर्थ 'दोन दगड' असा आहे. प्रत्येक मुलाने ओल्या मातीला हात लावावा. त्याचे मडके बिघडेल. कोणी हसू नये. त्याच गोळ्यातून कुंभार दुसरे भांडे घडवील. अठरावा अध्याय हेच सांगतो : जे राष्ट्र वाईटापासून फिरते, त्याला देव नव्याने घडवतो.

मग भाजलेल्या मडक्याचे खापर मुलांच्या हाती द्यावे. ते कितीही भिजवले तरी पुन्हा चाकावर चढत नाही. हिन्नोमाच्या खोऱ्यात यिर्मयाने फोडलेली सुरई अशीच होती. लोकांनी मान ताठ केली, ऐकले नाही, म्हणून तो न्याय आला.

तेथे प्रवचन करू नये. पुढच्या रविवारी मुलांनाच विचारावे : ओली माती व खापर यांत काय फरक दिसला?

आणि तोच प्रश्न आपण शिक्षकांनी घरी स्वतःच्या मनाला विचारावा.