‘साईज तर एकच आहे, मालक!’

टायरच्या दुकानात हे वाक्य कानावर पडलं की फोर बाय फोर गाडीवाल्याने पैसे काढायचे थांबावं आणि आधी चारही चाकांची नक्षी मोजून मागावी. या एका वाक्यापायी माझी ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी मधली पेटी, उघडावी लागली, ऐन ऊसतोडीत गाडी दारात उभी राहिली आणि वर ‘तुम्हीच गाडी नीट वापरली नाही’ हेही ऐकून घ्यावं लागलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण तो ठपका अजून सलतो, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं रान मोहोळ तालुक्यात सीनाकाठी, राहणं सोलापुरात. काळ्या मातीत दोन पाऊस झाले किंवा उसाचं पाणी वाटेवर आलं, की साधी जीप तिथेच रुतून बसते. म्हणून डबल कॅबिनचा फोर बाय फोर पिकअप घेतला. त्या वाटेवर कैक हंगाम तो बिनतक्रार चालला. मग तुळजापूर रोडला, रस्त्याचं काम चालू होतं तिथल्या खडीने मागचा एक टायर बाजूने फाटला. बाजूने फाटलेला टायर दुरुस्त होत नाही.

दुकानदार म्हणाला, एकटा नको, जोडी घाला आणि नवी जोडी मागेच ठेवा. ज्या साध्या गाडीत दोनच चाकांना ताकद जाते, तिला हा सल्ला बरोबर आहे. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटू नये म्हणून नवे टायर मागेच घालतात. पण माझी गाडी तशी नाही, हे मी त्याला सांगितलं होतं. पुढची जोडी बरीच झिजलेली आहे, नवे टायर वेगळ्या कंपनीचे आहेत, चारी चाकांना ताकद लावल्यावर काही होणार नाही ना, असं स्पष्ट विचारलं होतं. तेव्हा त्याने टायरच्या कडेवर बोट ठेवून वाचून दाखवलं, २५५/६० आर १८. “साईज तर एकच आहे, मालक.”

उसाच्या हंगामात खोड सुरू झाली. चिखलातून गाडी बाहेर यायची, पुढे घट्ट मुरुमाचा पट्टा लागला की स्टिअरिंग जड व्हायचं, हँडब्रेक अर्धवट ओढल्यागत गाडी अडखळायची, आणि फोर व्हीलचा दांडा टू व्हीलला येता येत नसे. थोडी मागे घेतली की खालून खाडकन आवाज व्हायचा आणि दांडा सुटायचा. नंतर चालत्या गाडीत एक बारीक रडका आवाज कायमचा बसला.

वर्कशॉपने आधी क्लचवर खापर फोडलं. मग ऑइल बदललं. जुनं ऑइल काळं पडलेलं, जळकट वासाचं, बोटाला लोखंडाची चमक लागणारं. तिथे चाकांकडे बघायला हवं होतं की नाही? कोणी वाकून बघितलं नाही. शेवटी ट्रान्सफर केस उघडली. चेन सैल झाली होती, बेअरिंग घासलं होतं. आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, “तुम्ही डांबरावर फोर व्हील लावून पळवली असणार.” मी डांबरावर कधीही फोर व्हील लावलेली नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी वाचलेलं आहे. त्याच वाटेवर, त्याच वापरात आधी कधी काही झालं नाही, मग याच हंगामात का, या माझ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. बिल मात्र तयार होतं.

उत्तर दिलं अक्कलकोट रोडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. गाडी सपाट फरशीवर, टू व्हीलमध्ये, स्टिअरिंग सरळ. पुढच्या आणि मागच्या चाकावर, बरोबर जमिनीला टेकलेल्या जागी, खडूने एकेक रेघ ओढली. पोरांना गाडी हळू ढकलायला लावली आणि मागच्या चाकाचे फेरे मोठ्याने मोजत राहिले. दहाव्याला “थांबा” म्हणाले. मागची रेघ पुन्हा जमिनीला टेकली होती. पुढची रेघ जमीन सोडून, मागच्या अंगाने चांगली फूटभर वर चढली होती.

“बघा मालक, मागचं चाक आत्ता टेकालंय. पुढचं कवाच टेकून गेलंय. चाकं आपसात भांडालीत ओ, मार खाल्ला मधल्या पेटीनं.”

त्या रेघेकडे बघताना अंगाची आग झाली. खडूचा एक तुकडा आणि सपाट फरशी, एवढ्यावर जे दिसत होतं ते वर्कशॉपला दिसलं नाही, आणि दुकानदाराने तर विचारूनही झाकलं.

घरी येऊन हिशेब मांडला. या मापाच्या नव्या टायरचा व्यास ७६३ मिलिमीटर, परीघ सुमारे २ मीटर ४० सेंटिमीटर. नक्षी ८ मिलिमीटरवरून ३ वर आली की व्यास १० मिलिमीटरने कमी होतो आणि परीघ ३१ मिलिमीटरने. फेऱ्याला एवढासा फरक, पण एका किलोमीटरला झिजलेलं चाक साडेपाच फेरे जास्त फिरतं. एक्सलचं गुणोत्तर साधारण चारास एक धरलं तर प्रॉपेलर शाफ्टचे बावीसेक फेरे जादा. फोर व्हील लावल्यावर आमच्यासारख्या गाडीत पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडला जातो, दोघांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात चाक घसरतं आणि तो फरक जिरून जातो. घट्ट जमिनीवर घसरायला वाव नसतो, मग पीळ शाफ्टमध्ये, चेनमध्ये, क्राउन-पिनियनवर साठतो. मागे घेतल्यावर होणारा खाडकन आवाज त्या पिळाचा होता. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. वळणावर पुढची चाकं मुळातच मागच्यांपेक्षा लांबची वाट चालतात, जास्त फिरतात. झिजके टायर पुढे असले की त्यात भर पडते. म्हणजे नवे मागे घालण्याचा तो सल्ला माझ्या गाडीला दुहेरी बाधला.

बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर, थार, स्कॉर्पिओ गेटअवे, व्ही-क्रॉस या सगळ्या याच जातीच्या, दोन शाफ्टना वेगवेगळं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसलेल्या. २००९ ते २०१६ मधली फोर बाय फोर फॉर्च्युनर वेगळी. तिला मधलं डिफरन्शियल आहे आणि चारी चाकांना ताकद कायम जाते. पण म्हणून तिच्या मालकाने निर्धास्त राहू नये. तिथे टायर कमीजास्त असतील तर ते डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत राबत राहतं. सुबारू ही जपानी कंपनी आपल्या ऑल व्हील गाड्यांना चार टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. नक्षीत मोजलं तर तो जेमतेम १ मिलिमीटर होतो. माझ्या गाडीत ५ होता.

तेव्हा शक्यतो चारही टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या. कडेवरचे आकडे सारखे असले तरी दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात कमीजास्त उंचीचे निघतात. एकच फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असतील, तर त्याच कंपनीचा तेवढाच झिजलेला वापरलेला टायर शोधा, मात्र त्याच्या कडेवरचा आठवडा आणि वर्षाचा चार आकडी शिक्का बघून. स्टेपनी वर्षानुवर्षं टांगून ठेवू नका. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं फिरवा, म्हणजे गरजेला तिची नक्षी बाकीच्यांच्या जवळपास असेल. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. सोलापूरच्या उन्हात दुपारी मोजलेल्या हवेला अर्थ नाही. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पण तो नियम पकडीसाठी आहे, ट्रान्सफर केससाठी नाही. दांडा अडकला तर हिसके देऊ नका, गाडी सरळ मागे घ्या. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल वेळच्या वेळी बघा. आणि ओळखीचा दुकानदार आहे म्हणून विश्वास टाकू नका. ओळख माझीही होती.

सगळ्यात महत्त्वाचं, वर्कशॉपला पेटी खोलू देण्याआधी चारही टायरची नक्षी मोजून जॉबकार्डवर लिहून घ्या. दुकानदाराच्या बिलावरही ‘गाडी फोर बाय फोर’ असं लिहायला लावा. जो लिहायला कांकू करेल, त्याच्याकडून टायर घेऊ नका. मी विचारायला गेलो तेव्हा आमच्या दुकानदाराला आमचं बोलणंच आठवत नव्हतं. पुढची नवी जोडी देतो म्हणाला, बदल्यात जुनी जोडी इथे टाकून जा. मी नवी जोडी दुसरीकडून घेतली. ते जुने टायर मी दिलेले नाहीत, खडूने त्यांवर माप लिहून ठेवलं आहे. वर्कशॉपच्या त्या सुपरवायझरने घरी यावं आणि स्वतः मोजावं.