बालमूलक : पेरणीच्या काळाचा विचार

मूलक अर्थात मुळा हे द्रव्य चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायातील हरितवर्गात आले आहे. कोवळा मुळा दोषहर, जरठ मुळा त्रिदोषकर, स्नेहसिद्ध मुळा वातघ्न आणि शुष्क मुळा कफवातघ्न, असा अवस्थाभेद तेथे स्पष्ट केला आहे. भावप्रकाशातही लहान मुळा लघु, पाचन व स्वर्य, तर मोठा मुळा रूक्ष व गुरु म्हटला आहे. यास्तव ‘मुळा खावा’ एवढाच पथ्योपदेश अपुरा ठरतो. बाजारात बहुधा पूर्ण वाढलेला मुळा मिळतो. रुग्ण तोच घेतो आणि अपेक्षित गुणाच्या विपरीत फळ पदरी पडते. बालमूलक हवे असल्यास परसबाग हाच खात्रीचा मार्ग होय.

काळनिर्णय

पेरणीचा दिवस सेवनाच्या ऋतूवरून उलट मोजावा, असे आम्ही सुचवितो. भाद्रपदात पेरलेला मुळा आश्विनात, म्हणजे शरदातील पित्तप्रकोपकाळात हाती येतो. कटु-उष्ण द्रव्यास तो काळ अनुकूल नाही. हेमंतात अग्नी प्रबल असतो. तेव्हा मार्गशीर्षात मुळा मिळावा म्हणून कार्तिकाच्या प्रारंभी पेरणी करावी.

आष्टा परिसर कृष्णा व वारणा यांच्या दरम्यानचा. जमीन काळी, भारी व पाणी धरून ठेवणारी. परतीच्या पावसात पेरल्यास कंद कुजतो किंवा त्यास फाटे फुटतात. अधिकमासामुळे तिथी मागेपुढे होते. म्हणून तिथीपेक्षा वाफसा प्रमाण मानावा. मुठीत दाबलेले ढेकूळ बोटाने सहज फुटले की वाफसा आला असे समजावे. माघानंतर ऊन वाढते. मुळा तिखट व पोकळ होऊन लवकर फुलावर येतो. पौषाच्या मध्यानंतर नवी पेरणी करू नये. सर्षपकुळातील शलगमासही थंडीच मानवते.

कृती

वरंब्यावर सुमारे एक सेंटिमीटर खोल, आठ-दहा सेंटिमीटर अंतराने बी टोकावे. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. सर्व बी एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी एक ओळ पेरावी. ‘पुसा देशी’ अथवा ‘जॅपनीज व्हाइट’ हे वाण चालतात. सुमारे पंचवीस ते तीस दिवसांनी, कंद करंगळीएवढा असतानाच उपटावा.

औषधी-निर्मात्यांसाठी

शुष्कमूलाद्य तैलासाठी शुष्क मूलक लागते. खरेदीपूर्वी काही तुकडे मोडून पाहावेत. मध्यभाग पोकळ व धागे राठ असल्यास मूळ द्रव्य जरठ होते, हे ओळखावे. कोवळे कंद चिरून कोरड्या हवेत सावलीत वाळवावेत.

निष्कर्ष

बालमूलकाचा गुण वाणापेक्षा पेरणी व काढणीच्या काळावर अधिक अवलंबून आहे. वैद्यमित्रांनी पथ्यपत्रकात मुळ्याची अवस्था व ऋतू अवश्य लिहावेत. मुळा खाल्ल्यावर दूध घेऊ नये, हा विरुद्धाहाराचा निर्देशही त्यात असावा. चरकाचार्यांनी त्यापासून कुष्ठाचे भय सांगितले आहे.