आधी सगळ्यांचं ऐक, मग तू बोल

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा आवाजातली धाकधूक मला लगेच कळली. तंत्रज्ञान क्षेत्रातल्या पुरस्कारांच्या परीक्षक मंडळाची अध्यक्ष! आई सकाळपासून शेजारीपाजारी सांगत फिरतेय. मलाही खूप अभिमान वाटला गं. पण या कामातलं जे मला ठेच लागल्यावर कळलं, ते तुला आधीच कळावं म्हणून हे निवांत लिहितेय.

मी पहिल्यांदा अध्यक्ष झाले तेव्हाची गोष्ट. आम्ही पाच जण टेबलाभोवती बसलो होतो. मी उत्साहात सुरुवात केली, "ही प्रवेशिका मला फार आवडली. तुम्हाला काय वाटतं?" झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वीस मिनिटांत निकाल ठरला. माझ्या तयारीला लोक मान देताहेत, असं मला वाटलं. बैठक संपल्यावर आमच्यातला सगळ्यात तरुण परीक्षक, सायबर सुरक्षेत काम करणारा मुलगा, लिफ्टपाशी हळूच म्हणाला, "मॅडम, त्या अ‍ॅपमध्ये ग्राहकांचे पासवर्ड उघडेच साठवलेत. त्यांनी जोडलेल्या आकृतीतच दिसतंय." मी विचारलं, "मग आत का नाही बोललास?" तो म्हणाला, "तुम्हाला आवडलं होतं ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी आयोजकांना फोन करून बैठक पुन्हा बोलवायला लावली. मानचिन्हावर नाव कोरायला गेलं होतं, ते थांबवलं. बोलणी खाल्ली. पण त्या मुलाच्या गप्प बसण्याला मी जबाबदार होते, हे मनातून जाईना.

म्हणून सांगते, अध्यक्षाच्या खुर्चीत बसलीस की तुझं मत शेवटी सांग. बैठकीआधी प्रत्येकाकडून गुण आणि दोन ओळींची कारणं लेखी घे, एकमेकांशी न बोलता. टेबलावर पहिली पाळी वयानं आणि हुद्द्यानं सगळ्यात लहान असेल त्याची. मोठ्या कंपनीचे उपाध्यक्ष बोलून झाल्यावर तेवीस वर्षांची मुलगी त्यांना खोडून काढेल, अशी अपेक्षाच करू नकोस.

आता गुणांचं. कोणी परीक्षक जात्याच हात आखडून देतो, दहापैकी सहाच्या वर जात नाही. कोणी आठाच्या खाली उतरत नाही. प्रवेशिका दोघांत वाटून दिल्या तर ज्याची फाईल कडक परीक्षकाकडे गेली तो बिचारा तिथंच संपला. तेव्हा प्रत्येक प्रवेशिका निदान तिघांनी वाचायची, आणि सुरुवातीला दोन-तीन प्रवेशिका सगळ्यांनी मिळून तपासून हात सारखा करून घ्यायचा. नुसत्या सरासरीवर तर मुळीच जाऊ नकोस. सहा आणि सहा यांची सरासरी सहा, नऊ आणि तीन यांचीही सहाच. पहिल्या ठिकाणी काम बेताचं आहे. दुसऱ्या ठिकाणी एकाला असं काहीतरी दिसलंय जे दुसऱ्याला दिसलेलं नाही. चर्चेचा वेळ तिथं घाल. आमच्या त्या अ‍ॅपला चौघांनी भरभरून गुण दिले होते आणि त्या मुलानं तीन. कागद माझ्यासमोरच होता गं, मी बेरीज पाहून पान उलटलं.

आणखी एक. प्रवेशिका म्हणजे कंपनीनं स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेलं. सत्यम ही कंपनी आठवतेय ना? कंपनी कशी चोख चालवावी यासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कार तिला सप्टेंबर 2008 मध्ये मिळाला. 7 जानेवारी 2009 ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून हिशेबातला हजारो कोटींचा घोटाळा कबूल केला. पुरस्कार काढून घेतला गेला आणि बुडती कंपनी पुढं आपल्या पुण्याच्या टेक महिंद्रानं घेतली. तिथं तर लेखापरीक्षकांच्या सह्या असलेले कागदही खोटे निघाले, त्यामुळे परीक्षकांनाच सगळा दोष देणार नाही मी. पण कागद गुळगुळीत असेल तितकी जास्त चौकशी करायची, एवढं तेव्हापासून पक्कं केलंय. अंतिम फेरीतल्या प्रत्येकाच्या दोन ग्राहकांना फोन कर. "बंद पडलं तर फोन कोण उचलतं?" एवढं विचारलंस तरी खूप कळतं. शिवाय समोर चालवून दाखवायला सांग. व्हिडिओवर निकाल देऊ नकोस.

प्रायोजकांचं जपून. मला एकदा समारंभाच्या आठवडाभर आधी आडवळणानं सुचवलं गेलं की अमक्यांनी तीन टेबलं घेतलीत, त्यांचं काहीतरी बघा. मी सरळ विचारलं, "हे लेखी देता का?" तो विषय तिथंच मिटला. तू पहिल्याच बैठकीत प्रत्येकाकडून लिहून घे: कुठं नोकरी होती, कुठं शेअर्स आहेत, कुणाचा भाचा कुठं आहे. ज्याचा संबंध निघेल त्यानं त्या चर्चेपुरतं खोलीबाहेर जायचं. नुसतं गप्प बसणं पुरेसं नाही, कारण तो समोर असला की बाकीचे मोकळं बोलत नाहीत. आणि यादी तुझ्यापासून सुरू कर, तुझी जुनी कंपनी पहिल्या ओळीत.

बरोबरी झाली तर काय, असं तू विचारलंस. नियमात आत्ताच लिहून ठेव. 2019 च्या बुकर साहित्य पुरस्काराच्या परीक्षकांनी, एकालाच द्यायचा असा नियम असताना, मार्गारेट अ‍ॅटवुड आणि बर्नार्डिन एव्हारिस्टो अशा दोघींना तो वाटून दिला. त्यावर केवढा वाद झाला. एखाद्या गटात कोणीच योग्य नसेल तर पुरस्कार न देण्याची मुभाही मागून घे.

आणि हे तर आजच कर, कारण प्रवेशिकांची मुदत अजून संपलेली नाही. आयोजकांना विचार, आवाहन गेलं कुणाकुणाकडे? संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार 1966 पासून दिला जातो, पण तो मिळालेली पहिली बाई, फ्रान्सिस अ‍ॅलन, 2006 साली. चाळीस वर्षं! तिथंही आधी कुणीतरी नाव सुचवावं लागतं, आणि जे नाव टेबलावर आलंच नाही त्याला कितीही प्रामाणिक परीक्षक न्याय देऊ शकत नाही. तुमच्याकडे पत्रं फक्त हिंजवडी-खराडीला गेली असतील तर सांगली, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजक संघटनांना फोन कर. मराठीत लिहिलेली प्रवेशिका चालेल, असं स्पष्ट छापायला लाव.

हे इतकं आग्रहानं का सांगतेय, तर एकदा सांगलीकडच्या एका बाईंची प्रवेशिका आली होती, दूध संकलन केंद्राच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर. इंग्रजी मोडकंतोडकं होतं. पहिल्याच फेरीत ती बाजूला पडली. निकालानंतर त्यांचा फोन आला. जरासुद्धा तक्रार नव्हती. "ताई, काय कमी पडलं ते सांगाल का? पुढच्या वेळी सुधारीन," एवढंच. माझ्याकडे सांगण्यासारखं एक वाक्यही नव्हतं, कारण कुणी काही लिहूनच ठेवलं नव्हतं. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्यांनी माझे आभार मानले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी न जिंकलेल्या प्रत्येकाला चार ओळी पाठवते. काय आवडलं, कुठं अडलं. साठ प्रवेशिका असतील तर दोन रविवार जातात. या वेळी एक रविवार मी तुझ्यासोबत बसते. लॅपटॉप घेऊन सकाळीच ये, जेवायला इथंच थांब.