कागदावरचे अकरा जण

प्रश्न : अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या जुन्या इतिहासात खेळाडूच्या नावापुढे ‘ऑल-सदर्न’, ‘ऑल-वेस्टर्न’ असे लिहिलेले आढळते. हे संघ कोणाविरुद्ध खेळत? त्यांची निवड कोण करी?

उत्तर : हे संघ कधी मैदानात उतरलेच नाहीत. हंगाम संपला की एखादा प्रशिक्षक, पंच किंवा क्रीडा-पत्रकार आपल्या प्रदेशातल्या सगळ्या कॉलेजांमधून प्रत्येक जागेसाठी सर्वोत्तम खेळाडू निवडायचा आणि ती अकरा नावे वर्तमानपत्रात छापून यायची. निवड समिती नव्हती आणि ठरलेले निकषही नव्हते. त्यामुळे एकाच वर्षी चार जणांच्या चार याद्या निघत आणि त्यांवरून कडाक्याचे वाद होत.

मुळात प्रदेशवार याद्यांची गरज का पडली? ‘ऑल-अमेरिका’ संघाची पहिली यादी १८८९ मध्ये निघाली. येलचे वॉल्टर कॅम्प आणि पत्रकार कॅस्पर व्हिटनी यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. नाव अख्ख्या अमेरिकेचे, पण अकरापैकी पाच जण प्रिन्स्टनचे, तीन येलचे आणि तीन हार्वर्डचे. तेव्हा दूरवरचे सामने पाहायचे तर रेल्वेने तिथवर जावे लागे. पूर्वेकडच्या जाणकारांच्या डोळ्यांसमोर पूर्वेकडचेच खेळाडू असत.

दक्षिणेत मात्र खेळ जोरात होता. १८९९ मध्ये टेनेसीतल्या सवानीच्या संघाने रेल्वेने प्रवास करत सहा दिवसांत पाच सामने जिंकले. ऑस्टिनला टेक्सास, ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम, न्यू ऑर्लिन्सला टुलेन, मग रविवारची विश्रांती. पुढे बॅटन रूजला लुइझियाना स्टेट आणि मेम्फिसला मिसिसिपी. पाचही प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळाला नाही! तरीही कॅम्प यांच्या ऑल-अमेरिका यादीतल्या पहिल्या पसंतीच्या संघात दक्षिणेतल्या कॉलेजचा खेळाडू यायला १९१८ साल उजाडले. तो होता जॉर्जिया टेकचा सेंटर, बम डे. तोवर तिथल्या खेळाडूंची दखल प्रामुख्याने घेतली ती ‘ऑल-सदर्न’ याद्यांनी. या याद्या करणाऱ्यांत प्रशिक्षक जॉन हाइसमन होते, तसेच नॅशव्हिलचे तरुण पत्रकार ग्रँटलँड राइसही होते. १९२५ मध्ये कॅम्प वारल्यावर ‘कॉलियर्स’ साप्ताहिकातली ऑल-अमेरिका यादी याच राइस यांच्याकडे आली.

पण ‘ऑल-सदर्न’ याद्यांनी एक अन्यायही जसाच्या तसा पुढे नेला. विल्यम हेन्री लुइस यांचा जन्म व्हर्जिनियातला, आईवडील पूर्वीचे गुलाम. पुढे हार्वर्डकडून खेळताना १८९२ आणि १८९३ अशी दोन वर्षे सेंटर म्हणून त्यांची ऑल-अमेरिका संघात निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. मात्र त्यांच्या जन्मभूमीतल्या, म्हणजे दक्षिणेतल्या, गोऱ्यांच्या कॉलेजांत कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता आणि ‘ऑल-सदर्न’ यादी त्याच कॉलेजांपुरती होती.

म्हणून अशी यादी वाचताना तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात : ती कोणी केली, त्याने कोणते सामने पाहिले असतील आणि कोणाला मैदानात पाऊलच ठेवू दिले नव्हते. या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘सर्वोत्तम अकरा’ हे शब्द प्रमाण मानू नयेत.