मांडणी नीट, तर वाट नीट

मासळीबाजारात कोळीण बसते. तिची मांडणी पाहा. पापलेट एका बाजूला, बोंबील दुसऱ्या बाजूला, कोळंबीचे वाटे पुढे. गिऱ्हाईक येते, बघते आणि हवे ते घेते. "पापलेट कुठं हाय?" असे कोणाला विचारावे लागत नाही.

मोबाइलवर आपण वेबसाइट उघडतो. तीही एक मांडणीच आहे. तिथे मासळीच्या जागी माहिती असते. मांडणी चांगली, तर माहिती चटकन सापडते. मांडणी वाईट, तर माणूस भटकतो आणि "आपल्याला हे जमायचं नाही" म्हणून मोबाइल खाली ठेवतो.

कधी कधी त्यात जिवाचा प्रश्न असतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गेले. अशा वेळी नाखव्याला एकच गोष्ट कळायला हवी. होडी न्यावी की नाही? हवामान खात्याचा इशारा दहा पानांच्या आड दडला, तर तो असून काय उपयोग?

समजा, कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या मुलांनी दर्यावर जाणाऱ्यांसाठी वेबसाइट करायचे ठरवले. त्यांना आपण काय सांगू?

१. मोलाचे ते वर. आजचा इशारा, वारा, भरतीची वेळ पान उघडताच दिसावी. समारंभाचे फोटो खाली गेले तरी चालतील.

२. शब्द आपले. हैदराबादला इन्कॉइस ही सरकारी संस्था आहे. उपग्रहावरून समुद्राच्या पाण्याची ऊब आणि हिरवटपणा पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, हे ती कळवते. बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोलीही सांगते. हे 'संभाव्य मत्स्यक्षेत्र' या नावाखाली ठेवले, तर कोण शोधील? 'मासळी कुठे मिळेल?' असे लिहा.

३. रंगाबरोबर अक्षर. हवामान खाते हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग वापरते. लाल सर्वांत गंभीर. पण काही माणसांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. म्हणून रंगाजवळ 'धोका' हा शब्दही हवा.

४. बटण मोठे. जाळी ओढून बोटे जाड होतात, ओली असतात. बारीक बटणावर ती नेमकी पडत नाहीत.

५. परतीची वाट. 'पहिले पान' हे बटण प्रत्येक पानावर एकाच जागी असावे. कुलाब्याच्या टोकाजवळ प्राँग्ज दीपगृह १८७५ पासून उभे आहे. ते जागा बदलत नाही, म्हणून तर खलाशी त्याच्यावर भरवसा ठेवतो!

वेबसाइट तयार झाली की तिची परीक्षा घ्यावी. तिला कधी न पाहिलेल्या मावशींच्या हाती मोबाइल द्यावा. "मावशी, उद्याचा वारा शोधा," एवढेच सांगावे आणि गप्प बसावे. मावशी जिथे अडतील, तिथे पान दुरुस्त करावे. मावशींना दुरुस्त करू नये.

ही रीत आपल्या देशाला नवी नाही. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा शंभरातल्या ऐंशीहून अधिक लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून कोणाला "आधी शीक, मग मत दे" असे म्हटले नाही. उमेदवारांच्या मतपेट्यांवर चिन्हे लावली. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यानेही मत दिले.

तेव्हा मोबाइलवर वाट चुकली, तर लाजू नका. दोष बहुधा आपला नसतो, मांडणीचा असतो. "हे नीट मांडा" असे म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

शब्दार्थ
नाखवा – होडीचा मालक
खलाशी – होडीवर काम करणारा
दीपगृह – जहाजांना वाट दाखवणारा दिव्याचा मनोरा

प्रश्न
१. इशारा पानाच्या वर का असावा?
२. रंगाजवळ शब्द का लिहावा?
३. वेबसाइटची परीक्षा कशी घ्याल?

करून पाहा
घरातल्या मोबाइलवर आजचे हवामान शोधा. किती वेळा बोट दाबावे लागले, ते वहीत लिहा.