बोंडअळीच्या अंगातले घड्याळ

डिसेंबर सरत आला की विदर्भातल्या बांधांवर पऱ्हाटीचे ढीग उभे राहू लागतात. वर्षभराचे जळण म्हणून ते जपले जातात. शेत मोकळे झाले, हंगाम आटोपला असे वाटते. पण त्या ढिगातले एखादे किडके, न उमललेले बोंड फोडून पाहावे. आत दोन सरक्या टाके घातल्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतात आणि त्या जोड सरकीच्या पोकळीत गुलाबी बोंडअळी वेटोळे करून पडलेली असते. काडीने डिवचले तर जेमतेम हलते. ती मेलेली नाही, झोपली आहे. आणि कधी झोपायचे हे तिने नुसत्या थंडीवरून ठरवलेले नाही.

तिने रात्र मोजली आहे.

किडीला वेळ कशी कळते, याचा सुगावा आधी वनस्पतीतून लागला. घेवड्याची पाने दिवसा पसरतात, रात्री मिटतात आणि सतत अंधारात ठेवले तरी काही दिवस हा क्रम सोडत नाहीत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्विन ब्यूनिंग यांनी 1936 साली मांडले की सजीवांच्या अंगातले हेच रोजचे घड्याळ ऋतूही ओळखत असावे. पुढे 1960 च्या दशकात टेक्सासमध्ये कीटकशास्त्रज्ञ पेरी अॅडकिसन यांनी नेमकी गुलाबी बोंडअळीच प्रयोगाला घेतली. दिवस साधारण 13 तासांहून लहान झाला की अळ्या सुप्तावस्थेत जात. लांबलेल्या रात्रीत ठरावीक घटकेला तासभर उजेड दिला, की त्यांतल्या पुष्कळ अळ्या झोपेत जाईनात. तोच उजेड दुसऱ्या घटकेला दिला, तर तितका परिणाम होईना. म्हणजे एकूण उजेड किती मिळाला यापेक्षा तो कोणत्या वेळी मिळाला, याला अळीच्या लेखी महत्त्व होते.

हा 13 तासांचा आकडा उचलून आपल्या शेताला लावता येत नाही. नागपुरात जूनअखेरचा दिवस जवळपास 13 तास 25 मिनिटांचा, तर डिसेंबरातला 10 तास 50 मिनिटांच्या आसपास. ऑगस्टच्या सुरुवातीलाच दिवस 13 तासांखाली येतो, पण तेव्हाच्या उबेत अळी झोपत नाही. लहान दिवसाच्या जोडीला गार रात्री आल्या आणि खायला पक्क्या बोंडातली तेलकट सरकी मिळाली, की सुप्त अळ्यांचे प्रमाण वाढते. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे नोव्हेंबरपासून एकत्र येतात.

फरदडीचा धोका इथेच आहे. वेचणी झाल्यावर एखादे पाणी देऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवलेली कपाशी जागत्या अळ्यांना नवी बोंडे पुरवते आणि झोपू पाहणाऱ्यांना चरबी साठवायला सरकी. चार क्विंटल जास्तीच्या कापसाचा मोह खरा आहे, भाव चांगला असेल तर आणखीच खरा. पण बोलगार्ड-2 या बीटी कपाशीला ही अळी आता दाद देत नाही. 2017-18 च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची जबर किंमत मोजली आहे. बियाण्यावर विसंबता येत नाही, म्हणून अळीचे वेळापत्रक मोडण्याला पर्याय नाही.

डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकावी. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या सोडल्या तर हिरवी, किडकी बोंडे त्या फस्त करतात. पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडावी किंवा कंपोस्टला घालावी. जळणासाठी ठेवायचीच असेल, तर निदान बोंडे झाडून नष्ट करावीत आणि साठा पावसाळ्यापूर्वी संपवावा. खोल नांगरटीने मातीत दडलेल्या अळ्या उन्हाच्या आणि पाखरांच्या तावडीत सापडतात. जिनिंगच्या आवारातली सरकी हेही मोठे कोठार असते, कारण काही अळ्या एका हंगामापुरत्या न थांबता दोन वर्षांपर्यंत सुप्त राहू शकतात. तिथला किडका कचरा नष्ट करावा आणि परिसरात कामगंध सापळे लावावेत.

टेक्सासमध्ये पऱ्हाटी नष्ट करण्याच्या तारखा कायद्यानेच ठरवल्या गेल्या. 2018 साली अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले. त्यामागे बीटी वाण, वंध्य पतंग सोडणे, कामगंध आणि वेळेवर केलेली नांगरट यांची अनेक वर्षांची जोड होती. एकट्या शेतकऱ्याला हे साधत नाही. पतंग धुरा पाहून थांबत नाही, त्यामुळे शिवारातल्या सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात कपाशी काढणे जास्त मोलाचे.

झोपलेली अळी उन्हाळा सरताना जागी होऊ लागते आणि ऊब, ओल नि वाढलेला दिवस यांच्या मागे पतंग बाहेर पडतात. त्यांना अंडी घालायला पाते-फुले हवीत. मे महिन्यात लावलेली कपाशी नेमक्या त्याच सुमारास पात्यावर येते आणि आयता पाहुणचार करते. जूनमध्ये पुरेसा पाऊस झाल्यावर पेरणी केली, तर पाती दिसेपर्यंत त्यातले बरेच पतंग वंश न वाढवता मरून जातात.

तरी पहारा हवाच. पाती लागताना हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावेत. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीचा विचार करावा. डोमकळी (अळी लागल्याने न उमललेले फूल) दिसताच तोडून नष्ट करावी आणि पुढे दर आठवड्याला वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन बोंडांत अळी निघाली की उपायाची वेळ आली आहे.