मिळकतीचा चौथा भाग

वसतिगृहात घंटा झाली की ताट पुढ्यात येई; त्या ताटाची किंमत आम्ही कधी मोजली नाही. उच्च शिक्षणासाठी शहरात खोली घेतली तेव्हा ती कळली.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थास मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखीव. विद्यार्थ्याचा उद्योग म्हणजे अध्ययन. पहिले तीन भाग कसे खर्चावेत हे कोणी शिकवावे लागत नाही. प्रश्न चौथ्याचा आहे.

शासनाच्या स्वाधार योजनेत, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वार्षिक ६०,००० रुपये ठरविले गेले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. आकडा मोठा दिसतो. परंतु महिन्याला ते ५,०००च होतात. शिवाय रक्कम दरमहा येत नाही. ती खात्यात जमा होईपर्यंत खानावळीची उधारी साचलेली असते.

म्हणून रक्कम येताच १५,००० रुपये दुसऱ्या खात्यात ठेवावेत. उरलेल्या ४५,०००त महिन्याला ३,७५० येतात. त्यात भागविणे कठीण आहे, हे आम्ही नाकारत नाही; चौघांनी एक खोली घेऊन पाळीपाळीने स्वयंपाक केला, तरच जमते. (वाढदिवसाच्या वर्गण्या मात्र जमू देत नाहीत!) परंतु पुढील हप्ता लांबला तर याच मानाने चार महिने निघतात, आणि घरी फोन करावा लागत नाही. तो फोन गेला की आई बचत गटातून कर्ज उचलते, आणि आपल्याला कळू देत नाही.